घोड्याच्या मानेतील शीर आणि तिच्यात बसणारी नळी : एक आढावा

पावसाला सुरुवात झाली की भातकापणी उरकेपर्यंत सिंधुदुर्गातल्या रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण येत राहतात. कातळसड्यावर गवत काढताना, काजूच्या बागेतला पाला ओढताना, गडग्याचे चिरे हलवताना फुरसे चावते. ओरोसचे जिल्हा रुग्णालय असो किंवा मालवणचे ग्रामीण रुग्णालय, अशा वेळी पहिली तपासणी अगदी साधी असते. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेतात, वीस मिनिटे ती नळी अजिबात हलवत नाहीत आणि मग एकदाच तिरकी करून पाहतात. रक्त गोठलेले असेल तर धीर येतो. ते पाण्यासारखे वाहिले तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया मोडली आहे हे कळते आणि प्रतिविषाच्या कुप्या फोडल्या जातात.

ते प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येते, आणि घोड्याचे रक्त त्याच्या मानेतल्या शिरेतून काढावे लागते. त्या शिरेत शिरायचे कसे, सुईने की नळीने, नळी कशाची, ती किती वेळ ठेवायची आणि त्याच शिरेत किती वेळा परत यायचे, हे प्रश्न वरवर पशुवैद्यकांपुरते वाटतात. पण या शिरेच्या आरोग्याशी घोड्याचे हित बांधलेले आहे आणि कोकणातल्या शेतकऱ्याचा जीवही. म्हणून या क्षेत्रात आज काय पक्के झाले आहे, मतभेद कुठे आहेत आणि काय अजून ठरायचे आहे, याचा हा आढावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. या विषयाचे ज्ञान दोन प्रवाहांत वाढले आहे. एक प्रवाह घोड्यांच्या रुग्णालयांचा. तिथे आजारी घोड्याला काही दिवस सलाईन आणि औषधे द्यायची असतात. दुसरा प्रवाह प्रतिविष बनवणाऱ्या संस्थांचा. तिथे निरोगी घोड्याचे रक्त वर्षानुवर्षे, ठरावीक अंतराने काढायचे असते. शीर तीच, पण गरजा वेगळ्या. आजचे बहुतेक अनिर्णित प्रश्न या दोन प्रवाहांच्या मधल्या जागेत पडून आहेत.

पार्श्वभूमी

रक्तवाहिनीत नळी घालण्याचा इतिहास घोड्यापासूनच सुरू होतो. इंग्लंडमधील टेडिंग्टनचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी एका घोडीला उताणी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळेची बारीक नळी बसवली आणि तिला नऊ फूट उंचीची काचेची नळी जोडली. रक्त हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंच वर चढले. सजीव प्राण्याच्या रक्तदाबाचे हे पहिले थेट मोजमाप मानले जाते. पुढच्या प्रयोगांत जोडणी लवचिक हवी म्हणून हेल्स यांनी हंसाची श्वासनलिका वापरली. प्राणी हलतो आणि ताठ नळी शिरेला इजा करते, ही अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे.

१८४४ साली फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी घोड्याच्या मानेतल्या शिरेतून आणि धमनीतून लांब तापमापक हृदयाच्या दोन्ही बाजूंपर्यंत नेला. शरीरातली उष्णता कुठे निर्माण होते हे त्यांना पाहायचे होते. १८६१ च्या सुमारास लिऑनच्या पशुवैद्यक विद्यालयातले ओग्युस्त शोव्हो आणि शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी शुद्धीवर असलेल्या, उभ्या घोड्याच्या हृदयातला दाब नळीच्या साहाय्याने नोंदवला. घोडा मोठा, त्याची शीर रुंद आणि कातडीलगतची, म्हणून या कामाला तोच सोयीचा ठरला. पुढे जर्मनीतले तरुण डॉक्टर व्हेर्नर फोर्समान यांनी पाठ्यपुस्तकात अशाच प्रयोगाचे चित्र पाहिले. १९२९ साली त्यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत नेली आणि क्ष-किरण चित्र काढून घेतले. १९५६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. माणसाच्या हृदयात नळी गेली ती अशी घोड्याच्या वाटेने.

दुसरा प्रवाह १८९४ च्या आसपास सुरू झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू यांनी घटसर्पावरचे प्रतिद्रव्य घोड्यांत मोठ्या प्रमाणावर तयार करता येते हे दाखवले. त्याच सुमारास आल्बेर काल्मेत यांनी सर्पविषावर हाच मार्ग चालवला. घोड्याला विषाच्या किंचित मात्रा देत राहायचे आणि रक्तात प्रतिपिंडे वाढली की रक्त काढायचे, हे तत्त्व आजही तेच आहे.

महाराष्ट्रात ही परंपरा परळला रुजली. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९६ साली मुंबईत सुरू केलेली प्लेग प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्यातून पुढे उभ्या राहिलेल्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाचे प्रतिविषाचे काम पुण्याजवळ पिंपरीला चालत आले आहे. पुणे जिल्ह्यातच नारायणगावलाही प्रतिविषाचे उत्पादन होते. सर्पविषाबरोबर धनुर्वात, घटसर्प, रेबीज आणि विंचूदंश यांवरची प्रतिद्रव्येही घोड्यांपासून मिळत आली आहेत. लाल विंचवाच्या दंशावर महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेले काम कोकणात सर्वांना माहीत आहे. प्राझोसिन हे औषध एकटे द्यावे की त्याला विंचूविरोधी प्रतिविषाची जोड द्यावी, याची त्यांनी केलेली चाचणी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. त्या चर्चेतही घोड्याच्या रक्ताचा वाटा होताच.

मानेची रचना

घोड्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना, जबड्याच्या मागून छातीपर्यंत, दोन स्नायूंच्या मधे एक लांब खोबण असते. त्या खोबणीत, कातडीच्या लगेच खाली गळ्याची मोठी शीर असते. खालच्या बाजूला अंगठ्याने दाबले की ती वरच्या बाजूला फुगून डोळ्यांना दिसते.

सोय इथे संपते आणि धोका सुरू होतो. मेंदूकडे रक्त नेणारी धमनी याच शिरेच्या आतल्या बाजूला असते. मानेच्या वरच्या भागात दोघींच्या मधे एक पातळ स्नायू आडवा येतो. मानेच्या खालच्या भागात तो आडोसा उरत नाही. धमनीसोबत महत्त्वाच्या नसा जातात आणि डाव्या बाजूला अन्ननलिकाही जवळ येते. औषध चुकून धमनीत गेले तर ते थेट मेंदूत पोचते. काही सेकंदांत घोडा झटके येऊन कोसळतो, आणि असा कोसळणारा घोडा जवळच्या माणसालाही घातक असतो. म्हणून सुई मानेच्या वरच्या निम्म्या भागात घालावी, यावर सर्वांचे एकमत आहे.

आणखी दोन गोष्टी रचनेतूनच येतात. घोडा मान वर धरतो तेव्हा ही शीर हृदयाच्या वर असते आणि तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होऊ शकतो. जाड नळीचे टोपण निघाले तर हवा आत ओढली जाते आणि जीवावर बेतते. शिवाय घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. दोन्ही बाजूंच्या शिरा बंद पडल्या तर डोक्याकडचे रक्त उतरत नाही, नाकाचा आतला भाग सुजतो आणि श्वासच अडतो. एक शीर गेली तर आजूबाजूच्या लहान शिरा बरेचसे काम उचलतात. दुसरी जपणे मात्र मग अनिवार्य होते.

नळी बसवण्याच्या पद्धती

सर्वांत जुनी पद्धत नुसत्या जाड सुईची. रक्त काढायचे किंवा एक इंजेक्शन द्यायचे असेल तर ती पुरते. घोडा हलला तर सुईचे टोक शिरेची आतली भिंत खरवडते, हा तिचा मुख्य दोष.

दुसरी पद्धत सुईवर चढवलेल्या नळीची, आणि रुग्णालयांत आज तीच सर्वाधिक चालते. प्रौढ घोड्यासाठी साधारण १४ गेजची, सुमारे १३ सेंटिमीटर लांबीची नळी वापरतात. हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. घोड्याला खोड्यात उभे करतात आणि मोतदार म्होरकी धरून डोके स्थिर ठेवतो. खोबणीवरचे केस कातरून त्या जागी क्लोरहेक्सिडीनचा फेस पुन्हा पुन्हा चोळतात आणि स्पिरिटने पुसतात. कातडीखाली लिडोकेनचा थेंबभर फुगा करून जागा बधिर करतात आणि पात्याच्या टोकाने कातडीला बारीक छेद देतात, म्हणजे नळीचे टोक कातडीत अडकून चुरगळत नाही. मग एक हात खोबण दाबतो आणि दुसरा हात नळी तिरकी धरून आत सारतो. सुईच्या मागच्या टोकात गडद रक्त दिसले की हात थांबतो. नळी शिरेला समांतर आडवी करतात, अगदी थोडी पुढे नेतात, आणि मग सुई जागीच धरून फक्त नळी पुढे सरकवतात. ती अडखळली तर जोर लावायचा नाही, कारण अडखळणे म्हणजे नळी शिरेच्या बाहेर गेल्याची शक्यता. शेवटी टोपण, जोडनळी, सलाईनचा फवारा आणि कातडीला टाके. रक्त लालभडक असेल आणि उसळत येत असेल तर ती धमनी. तिथे नळी लगेच काढून बराच वेळ दाब धरून ठेवावा लागतो.

तिसरी पद्धत सुईच्या आतून नळी घालण्याची. तिच्यात एक मोठा धोका आहे. नळी मागे ओढली तर सुईची धार तिला कापते आणि कापलेला तुकडा रक्ताबरोबर हृदयाकडे किंवा फुप्फुसात जातो. शिवाय शिरेला पडलेले भोक नळीपेक्षा मोठे राहते आणि बाजूने रक्त झिरपते. म्हणून ही पद्धत मागे पडत गेली.

चौथी पद्धत तारेची. स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ साली ती माणसांसाठी मांडली. बारीक सुईतून मऊ टोकाची तार शिरेत घालायची, सुई काढायची, तारेवरून वाट रुंद करायची, मग तारेवरूनच लांब, मऊ नळी आत सरकवायची आणि तार बाहेर काढायची. आजारी शिंगरांना दिवसचे दिवस पोषण द्यायचे असेल, किंवा गळ्याखेरीज दुसरी शीर गाठायची असेल, तर ही पद्धत फार उपयोगी पडते. तिला वेळ, निर्जंतुक हातमोजे आणि शांत उभा राहणारा घोडा लागतो. तारेचे दुसरे टोक हातातून सुटू द्यायचे नाही, हा तिचा पहिला नियम.

गळ्याच्या दोन्ही शिरा निकामी झाल्या असतील तर छातीच्या बाजूची शीर किंवा पुढच्या पायाच्या आतली शीर वापरतात. भूल दिलेल्या घोड्याचा रक्तदाब मोजण्यासाठी चेहऱ्याच्या किंवा मागच्या पायाच्या धमनीत छोटी नळी घालतात. भुलेत सरासरी दाब पाऱ्याच्या ७० मिलिमीटरच्या खाली बराच वेळ राहिला तर स्वतःच्याच वजनाखाली स्नायू चेंगरून घोड्याला उठता येत नाही. हेल्स यांच्या पितळी नळीचे काम आता ही छोटी नळी घोड्याच्या बचावासाठी करते.

नळी कशाची आणि किती दिवस

टेफ्लॉनची नळी ताठ असते. ती सहज आत जाते, पण मानेच्या हालचालीने दुमडते आणि शिरेच्या भिंतीला घासते. तिच्याभोवती गुठळी लवकर धरते, म्हणून साधारण तीन दिवसांत ती काढावी असा प्रघात आहे. पॉलियुरेथेनची नळी शरीराच्या उष्णतेत मऊ पडते आणि नीट काळजी घेतली तर दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकते. सिलिकोनची नळी सर्वांत मऊ, पण म्हणूनच आत घालायला सर्वांत अवघड. मऊ नळी शिरेला कमी त्रास देते, याबद्दल आता फारसा वाद नाही. मात्र ठरावीक दिवस भरले म्हणून चांगली चालणारी नळी बदलावी, की जागा रोज तपासून बिघाडाची पहिली खूण दिसताच काढावी, यावर दोन मते आहेत. नवी नळी म्हणजे शिरेला नवी जखम, हे दुसऱ्या मताच्या बाजूचे मुख्य म्हणणे.

नळीचे टोक कुणीकडे असावे, यावरही वाद आहे. बहुतेक जण ते हृदयाकडे, प्रवाहाच्या दिशेने ठेवतात, म्हणजे औषध पटकन मिसळते आणि शिरेला कमी झोंबते. काही जण ते डोक्याकडे ठेवतात. त्यांचे म्हणणे असे की जोडणी सुटली तर रक्त बाहेर वाहताना दिसते, तर खाली वळलेल्या नळीतून हवा गुपचूप आत ओढली जाऊ शकते. दोन्ही बाजूंचा अनुभव खरा आहे आणि निर्णय अजून सवयीवर चालतो.

शीर बिघडते ती कशी

सर्वांत मोठी गुंतागुंत म्हणजे शिरेत गुठळी होऊन ती सुजणे. खोबणीत हात फिरवला की शीर दोरीसारखी कडक लागते. ती गरम असते, दाबली की घोडा मान झटकतो, कधी ताप येतो, कधी नळीच्या तोंडाशी पू दिसतो. सोनोग्राफीत गुठळीच्या आत पोकळी दिसली तर जंतुसंसर्गाची शंका बळावते. गुठळीचे कण सुटून फुप्फुसात जाऊ शकतात.

कोणत्या घोड्यांना हा धोका जास्त, हे बऱ्यापैकी निश्चित झाले आहे. तीव्र हगवण, साल्मोनेलाचा संसर्ग, मोठ्या आतड्याचा आजार, रक्तात आतड्यातले विष मिसळणे आणि रक्तातली प्रथिने घटणे, ही त्याची प्रमुख कारणे. म्हणजे ज्या घोड्याला नळीची गरज सर्वाधिक, त्याचीच शीर सर्वांत लवकर बिघडते. औषधाचा स्वभावही महत्त्वाचा. घोड्यांच्या वेदनेवर सर्रास दिले जाणारे फेनिलब्युटाझोन शिरेबाहेर सांडले तर आजूबाजूचे मांस सडते.

इथे एक विरोधाभास लक्षात ठेवण्यासारखा आहे. फुरसे चावलेल्या माणसाच्या परीक्षानळीत गुठळी न होणे हा धोका, तर त्याच्यासाठी रक्त देणाऱ्या घोड्याच्या शिरेत गुठळी होणे हा धोका. रक्त गोठणे योग्य जागी आणि योग्य वेळी व्हावे, यासाठीच दोन्हीकडे सारी धडपड चालते.

प्रतिविषाच्या घोड्यांचा प्रश्न

रुग्णालयातल्या घोड्याला नळी आयुष्यात एकदा-दोनदा लागते. प्रतिविषाच्या घोड्याकडून मात्र काही आठवड्यांच्या अंतराने, वर्षानुवर्षे रक्त घेतले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली प्रतिविष निर्मितीसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि नंतर ती सुधारली. त्यांनुसार एका वेळी शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १३ ते १५ मिलिलिटर रक्त घेतले जाते. ४०० किलोच्या घोड्याचे हे साधारण सव्वापाच ते सहा लिटर होतात, म्हणजे त्याच्या एकूण रक्ताच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास.

घोड्याचा रक्तक्षय टाळण्यासाठी रक्तातला फक्त द्रव भाग ठेवून लाल पेशी त्याच घोड्याला परत देतात. प्रतिपिंडे द्रव भागातच असतात, त्यामुळे यात काही गमवावे लागत नाही. निसर्गाची इथे मदत होते. घोड्याच्या लाल पेशी एकमेकींना चिकटून भराभर तळाशी बसतात. रक्त न गोठू देणारे औषध घातलेली पिशवी थोडा वेळ टांगून ठेवली की वर पिवळसर द्रव आणि खाली गडद पेशी असे दोन थर दिसतात. द्रव काढून घ्यायचा, पेशी कोमट सलाईनमध्ये मिसळायच्या आणि घोड्याला परत द्यायच्या. यात शिरेत दोनदा जावे लागते, आणि एका घोड्याची पिशवी दुसऱ्याला लागू नये यासाठी खुणांची शिस्त कडक असावी लागते. यंत्राची पद्धत वेगळी. घोडा खोड्यात उभा असतानाच रक्त यंत्रात जाते, द्रव वेगळा होतो आणि पेशी लगेच परत येतात. एकदाच टोचणे, बंद मार्ग आणि अदलाबदलीचा धोका नाही, हे तिचे फायदे. घोडा बराच वेळ शांत उभा राहायला हवा आणि खर्च मोठा, या तिच्या अडचणी.

तीन भूमिका

या क्षेत्रात आज तीन भूमिका दिसतात.

पहिली म्हणते, दर वेळी नवी निर्जंतुक सुई घ्यावी, काम लवकर संपवावे आणि शिरेत काहीही ठेवू नये. दोन खेपांच्या मधल्या आठवड्यांत शीर भरून येते. बाहेरची वस्तू आत जितकी कमी वेळ राहील तितका संसर्ग कमी. सराईत हाताला नळीची गरज नाही आणि शंभर घोड्यांच्या पागेत साधी पद्धतच शिस्तीने पाळता येते.

दुसरी भूमिका नळीची. रक्त काढणे आणि पेशी परत देणे या दोन्हींसाठी त्या दिवसापुरती एक मऊ नळी बसवावी आणि काम झाले की काढावी. घोडा हलला तरी टोकदार सुई शिरेला खरवडत नाही, दुसऱ्यांदा टोचावे लागत नाही आणि घोडाही कमी बिथरतो. तिच्यावरचा आक्षेप असा की नळी बसवायला प्रशिक्षण, वेळ आणि पैसा लागतो, आणि अर्धवट निर्जंतुक केलेली नळी सुईपेक्षा वाईट.

तिसरी भूमिका प्राणीकल्याणाच्या बाजूने येते. तिचा रोख साधनापेक्षा जनावराच्या एकूण अवस्थेवर आहे : रक्तक्षय, वारंवार टोचून कडक झालेल्या शिरा, थकलेली आणि म्हातारी जनावरे, अपुरा निवारा. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची केंद्रीय समिती अशा संस्थांवर देखरेख ठेवते. उत्पादकांची बाजूही विचारात घ्यावी लागते. रक्त काढण्यापूर्वी लाल पेशींचे प्रमाण तपासणे, विश्रांतीचा काळ पाळणे आणि कमकुवत जनावर वगळणे, हे नियम आहेत. प्रतिविषाला आज दुसरा पर्यायही नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. हे तीनही मुद्दे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि या चर्चेचे मुख्य अवघडपण इथेच आहे.

काय ठरले, काय बाकी

ठरलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. टोचायची जागा मानेच्या वरच्या भागात असावी. कातडीची तयारी कसोशीने करावी. मऊ नळी ताठ नळीपेक्षा बरी. दोन्ही बाजूंच्या शिरा एकाच वेळी धोक्यात घालू नयेत. लाल पेशी परत द्याव्यात. यावर दोन्ही प्रवाहांचे एकमत आहे.

बाकी राहिलेल्यांत पहिला प्रश्न काळाचा. प्रसिद्ध अभ्यास बहुतेक रुग्णालयांतले आहेत आणि ते दिवसांत किंवा आठवड्यांत मोजतात. पाच-सात वर्षे ठरावीक अंतराने टोचलेल्या शिरेचे काय होते, किती शिरा बंद पडतात, कोणत्या पद्धतीत कमी बंद पडतात, याचे उत्तर त्या अभ्यासांतून मिळत नाही. सुईवाल्यांचा आणि नळीवाल्यांचा वाद अशा मोजणीशिवाय मिटणार नाही.

दुसरा प्रश्न नळी मोकळी ठेवण्याचा. तिच्यात हेपारिन मिसळलेले सलाईन सोडावे की साधे? माणसांच्या हातातल्या छोट्या नळ्यांसाठी साधे सलाईन जवळपास तितकेच चालते असे दिसून आले आहे. घोड्यांच्या बाबतीत अनेक ठिकाणी हेपारिनची प्रथा कायम आहे.

तिसरा प्रश्न सोनोग्राफीचा. घोड्याची गळ्याची शीर डोळ्यांना दिसते, मग यंत्र कशाला, असे अनुभवी मंडळी म्हणतात. पण शीर गाठण्यासाठी नसले तरी शिरेची भिंत जाड होऊ लागली आहे का हे हाताला लागण्याआधी पाहण्यासाठी ते यंत्र कामाचे आहे. प्रतिविषाच्या पागेत दर काही महिन्यांनी अशी तपासणी व्हावी का, हा खर्चाचा आणि इच्छेचा प्रश्न आहे.

चौथा प्रश्न आपल्या मातीचा. बहुतांश अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या उंच जातिवंत घोड्यांवर, थंड हवेत झाले. इथे लहान देशी घोडे, तट्टे आणि खेचरे आहेत, पावसाळ्याची दमट हवा आहे, माश्या आहेत. नळी किती दिवस ठेवावी याचे तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लागू होतील असे गृहीत धरता येत नाही.

पाचवा प्रश्न घोड्याची गरजच संपेल का, हा. २०२५ साली 'सेल' या नियतकालिकात माणसाच्या प्रतिपिंडांपासून बनवलेल्या मिश्रणाचा अभ्यास आला. उंदरांमध्ये ते नाग-मण्यारांच्या कुळातल्या अनेक सापांवर उपयोगी ठरले. पण फुरसे आणि घोणस हे त्या कुळातले नव्हेत. कोकणाला ज्या सापाची सर्वाधिक धास्ती, त्याच्यासाठी घोडा अजून बराच काळ लागणार आहे. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी बनते. आंबोलीच्या जंगलातल्या मलबारी चापड्याचे विष त्यात नसते. शिवाय एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. प्रदेशवार प्रतिविषे बनवायची ठरली तर घोडे आणखी लागतील आणि शिरेचा प्रश्न आणखी मोठा होईल.

पुढची दिशा

भारताने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशावरचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. ते गाठायचे तर प्रतिविष भरपूर हवे, आणि ते देणारा घोडा निरोगी हवा. त्यासाठी फार मोठ्या शोधाची वाट पाहायला नको. प्रत्येक घोड्याच्या दोन्ही शिरांची नोंद ठेवावी : कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला, कशाने टोचले, कितव्या प्रयत्नात शीर मिळाली आणि पुढच्या खेपेला ती हाताला कशी लागली. अशा नोंदी पाच वर्षे राहिल्या आणि सर्व संस्थांनी त्या खुल्या केल्या, तर वर मांडलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरे मिळतील.

दोन प्रवाह एकत्र आणण्याची सोय महाराष्ट्रात आधीच आहे. हाफकिन संस्था परळला आहे आणि १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयही परळलाच. शर्यतीच्या घोड्यांवर उपचार करणाऱ्यांचा अनुभव जवळच महालक्ष्मीला आहे. आजारी घोड्याची शीर जपण्याचे जे कौशल्य एका ठिकाणी जमले आहे ते प्रतिविषाच्या पागेत यावे, आणि पागेतला वर्षानुवर्षांचा अनुभव लेखी रूपात महाविद्यालयात जावा. सुई की नळी याचा निकाल त्यानंतर पुराव्यावर लावता येईल. तोवर जिथे जी पद्धत चालते तिथे ती संपूर्ण काळजीने पाळणे आणि घोड्याला पुरेशी विश्रांती देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. सड्यावर गवत काढणाऱ्या माणसाच्या जिवाची जी किंमत आपण मानतो, ती या जनावराच्या शिरेची काळजी घेऊनच चुकती करावी लागेल.